एअर रायफलला दुर्बीण हवीच का?

शेजारच्या वरणगावात ऑर्डनन्स फॅक्टरी काडतुसे बनवते. भुसावळच्या पोरांची नेमबाजी मात्र छऱ्याच्या एअर रायफलनेच सुरू होते. मग घरात विषय निघतो, स्वस्तातली दुर्बीण घ्यायची का?

स्पर्धेसाठी नकोच. १० मीटर एअर रायफलच्या ऑलिंपिक प्रकारात दुर्बीण चालत नाही, पीप साइट लागते. पॅरिसला २०२४ मध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या, मध्य रेल्वेतल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटरवरही दुर्बिणीविनाच नेम धरला होता.

घरच्या सरावाला घ्यायचीच, तर ‘३-९×४०’ अशा आकड्याला भुलू नका. त्याचा अर्थ एवढाच: चित्र तीन ते नऊ पट मोठे, पुढची काच ४० मिलिमीटर. अनेक स्वस्त दुर्बिणी सुमारे ९० मीटरसाठी जुळवलेल्या असतात. १० मीटरवर चित्र धूसर दिसते, डोळा जरा हलला की नेमही सरकतो. म्हणून १० मीटरवर फोकस होणारीच मागा. रायफल स्प्रिंगची असेल, तर ती मागे-पुढे दोन्हीकडे धक्का देते. तो सोसणारी आहे का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा.

आणि घराचे रक्षण? २० ज्यूलपर्यंतच्या, ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. दुर्बीण लावली तरी चोराला रोखण्याचे ते हत्यार नव्हे. बंदूकच हवी असेल, तर आधी जळगावला जिल्हाधिकारी कार्यालयात परवान्याचा अर्ज करावा लागतो.