नाशिकच्या छोट्या वायनरी : कधी जायचं, काय पाहायचं, काय विचारायचं

आजचा भाग नाशिकचा, पण रामकुंड-पंचवटीचा नाही. आज वाइनबद्दल बोलू.

नाशिकची वाइन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सुला येते. ते साहजिकच आहे. 2000 साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली, 2005 मध्ये त्यांनी पाहुण्यांना वाइन चाखण्यासाठी दालन उघडलं, आणि वाइनसाठी नाशिकला जायची सवय देशाला तिथून लागली. मी मात्र तुम्हाला त्या गर्दीच्या पुढे न्यायचं म्हणतो. दिंडोरी, निफाड, इगतपुरी या तालुक्यांत घरची माणसं चालवतात अशा छोट्या वायनरी आहेत. निफाडजवळ कुंदेवाडीला पाटील कुटुंबाची रेव्हेलो आहे. इगतपुरी तालुक्यात कावनईच्या बाजूला व्हॅलोने आहे. विंचूरला एमआयडीसीने वसवलेलं वाइन पार्क आहे.

आता इंदूर, हैदराबाद, बेंगळुरूचे श्रोते विचारतील, वाइन इथल्या दुकानात मिळते की, मग तिकडे कशाला जायचं? कारण ही वाइन तुमच्या दुकानात बहुधा येणारच नाही. आपल्याकडे मद्य हा राज्यांचा विषय. प्रत्येक राज्यात प्रत्येक लेबल वेगळं नोंदवायचं, त्याचं शुल्क वेगळं भरायचं. सहा प्रकारची वाइन पाच राज्यांत विकायची म्हटली, तर तीस नोंदण्या झाल्या. मोठ्या कंपनीला हा खर्च लाखो बाटल्यांवर वाटता येतो. काही हजार बाटल्या करणाऱ्याला तो परवडत नाही. म्हणून छोट्या वायनरीची वाइन चाखायची, तर तिच्या दारातच जावं लागतं.

कधी जायचं? जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा. का, ते सांगतो. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि तिची द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये काढतात. नाशिकच्या हवेत वेल झोपतच नाही, म्हणून शेतकरी तिला दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्यानंतर येणाऱ्या काड्यांत पुढच्या घडांची तयारी आतल्या आत होते. पावसाळा सरत आला की गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची. छाटण्या दोन, पीक मात्र एकच, आणि ते थंडीत पिकतं. दिवसाच्या उन्हाने साखर भरते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. दर हिवाळ्यात बातम्यांत निफाडचा पारा घसरल्याचं ऐकता ना? तो आकडा बहुतेक वेळा याच कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. तिथल्या माणसांना जी थंडी बोचते, ती वाइनच्या द्राक्षाला हवी असते.

पावसाळ्यात गेलात तर डोंगर हिरवेगार दिसतील, पण वेलीवर एक घड नसेल आणि टाक्या शांत असतील. जेवून-फिरून यायला ते दिवस छान, वाइन कशी होते ते पाहायला नाही.

बागेत गेल्यावर परवानगी घेऊन एक मणी तोंडात टाका. आपल्या ओळखीचं थॉमसन सीडलेस हे नाही. मणी लहान, साल जाड, आत बिया. शिराझ, कॅबरने सॉव्हिन्यॉं, शेनिन ब्लां ही वाइनची वाणं. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, म्हणून जाड साल हवी. लाल वाइनचा रस सालीसकट आंबवतात. पांढऱ्या वाइनसाठी आधी द्राक्षं दाबून रस वेगळा करतात. लाल द्राक्षाचाही गर बहुधा पांढराच असतो, हे तिथे मणी फोडून बघा, लगेच पटेल.

याच मण्यात शेतकऱ्याची जोखीम आहे. खाण्याचं द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारलं तर दुसरा घेतो, नाहीतर बेदाणा करता येतो. वाइनचं द्राक्ष बाजारात कोणी खायला घेत नाही. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, करसवलती दिल्या, आणि वायनरी भराभर उभ्या राहिल्या. 2008-09 च्या मंदीत विक्री बसली. अनेक छोट्या वायनरी बंद पडल्या आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या. आज ज्या चालू आहेत, त्यांत त्या वर्षांतून तगून राहिलेल्याही आहेत.

आता शेडमध्ये चला. मोठ्या ठिकाणी मार्गदर्शक ठरलेल्या वाटेने फिरवतो. छोट्या ठिकाणी हंगामात दाखवणारा माणूस म्हणजे मालक, नाहीतर वाइन करणारा. त्याच्या हाताला रसाचे डाग असतात आणि त्याचा एक डोळा तापमानाच्या काट्यावर असतो. यीस्ट साखर खातं तेव्हा टाकी तापते, आणि पांढऱ्या वाइनची टाकी साधारण 12 ते 16 अंशांत ठेवावी लागते. भर फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी वीज गेली तर काय होईल, याचा विचार करा. म्हणून जनरेटर कुठे आहे ते मी आवर्जून पाहतो. तो पाहिला की धंद्याचा जीव कशात आहे ते समजतं.

मग लाकडी पिंप. नेहमीच्या पिंपात 225 लिटर मावतात, म्हणजे बरोबर 300 बाटल्या. एक टन द्राक्षातून साधारण 600 ते 700 लिटर वाइन निघते. द्राक्षाचे पैसे मार्चमध्ये द्यायचे, लाल वाइन वर्षभर पिंपात ठेवायची, मग बाटली भरायची, मग विकायची. तोवर भांडवल अडकलेलं. गंगापूर धरणाजवळची यॉर्क गुरनानी कुटुंबाने उभी केली होती, 2021 मध्ये ती सुलाने घेतली. घरची वायनरी कायम घरचीच राहील असं नसतं. म्हणूनच तुम्ही दारात घेतलेल्या बाटलीला किंमत आहे. मधला वितरक नाही, दुकानदार नाही, आणि पैसे त्याच दिवशी हातात येतात.

तिथे मी तीन प्रश्न विचारतो. द्राक्षं स्वतःच्या बागेतली की करारावरची? गेल्या वर्षाच्या मानाने यंदा काय वेगळं झालं? उत्तरात अवकाळी, भुरी, केवडा येईल, आणि त्याच दोन वर्षांच्या बाटल्या शेजारी-शेजारी चाखायला मिळाल्या तर फरक जिभेला कळेल. तिसरा प्रश्न, ही वाइन पिंपातली की फक्त स्टीलच्या टाकीतली? व्हॅनिलासारखा वास हा द्राक्षाचा की लाकडाचा, हे त्यावरून उलगडतं. एखादी वाइन आवडली नाही तर तसं सांगा. खोट्या कौतुकाचा त्यांना काही उपयोग नसतो.

आता व्यवहाराच्या गोष्टी. आधी फोन करा. तोडणी चालू असेल तर लोक सकाळी लवकर बागेत असतात, कारण ऊन चढायच्या आत थंड द्राक्षं आणायची असतात. दिवसात दोनच ठिकाणं ठेवा. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट 21 वर्षांची. 2 ऑक्टोबरला आणि मतदानाच्या दिवशी जाऊ नका, कोरडा दिवस असतो. चाखून थुंकण्यासाठी भांडं असतं, ते वापरण्यात संकोच नको, आणि गाडी चालवणाऱ्याने चाखूच नये. ही ठिकाणं गावाबाहेर असतात, परतीची टॅक्सी दारात उभी नसते. म्हणून गाडी दिवसभरासाठी ठरवा.

बडोदा-सुरतच्या मंडळींना खास सांगणं. गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा बाटली गाडीत टाकून सीमा ओलांडू नका. बाकीच्यांनीही आपल्या राज्यात किती बाटल्या नेता येतात ते आधी विचारून घ्या.

आणि निघताना यंदाची एक बाटली घ्या, तिच्यावरचं वर्ष लिहून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात परत गेलात की त्या वर्षाचं नाव काढा. समोरच्या माणसाला ते वर्ष पाठ असतं. पाऊस कधी आला, घड किती गळले, सगळं तो सांगेल. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.