भट्टीवरची नानखटाई

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले, की जळगाव-धुळ्याकडील गल्ल्यांतून पत्र्याचे मोठे डबे घेतलेली माणसे बेकरीच्या दिशेने जाताना दिसत. आजही काही ठिकाणी दिसतात. जाताना डब्यात मैदा, पिठीसाखर आणि तूप असे; परतताना तोच डबा नानखटाईने भरलेला असे. काही घरी पीठ मळून नेत व भट्टीवर केवळ भाजून घेत. काही नुसते सामान नेत आणि मजुरी देऊन सारे काम भट्टीवाल्याकडूनच करवून घेत. मुलांचे काम एकच, परंतु महत्त्वाचे असे. आपला पत्रा दुसऱ्याच्या पत्र्यात मिसळू नये म्हणून भट्टीपाशी बसून राहणे!

त्या डब्यात संसाराचे चार पैसे गुंतलेले असत. एका वेळच्या भाजीत मीठ जास्त पडले तर निभावून नेता येते; परंतु दोन-तीन शेर मैदा आणि त्यात जिरवलेले तूप बिघडले, तर सणाचा फराळच बुडाला. म्हणूनच नानखटाई कशाने साधते आणि कशाने बिघडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

‘नान’ हा फारसी शब्द आहे. त्याचा अर्थ रोटी. नानखटाईचे मूळ सुरत शहरातील जुन्या बेकऱ्यांत असल्याचे सांगतात. आणि खानदेशाचा सुरतेशी व्यापार जुना असल्यामुळे हा पदार्थ तापीच्या काठाने इकडे आला असल्यास नवल नाही. बंद उष्णतेत भाजण्याची कल्पना मात्र खानदेशाला नवी नव्हती. शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेली बट्टी येथे कोणाला ठाऊक नाही? तव्यावरच्या भाकरीला आच खालून लागते, म्हणून ती उलटावी लागते. निखाऱ्यांत पुरलेल्या बट्टीला ती चोहोंकडून लागते. विटांच्या भट्टीचे तत्त्व हेच. आत लाकडे पेटवून तिची जमीन व घुमट तापवतात, निखारे बाजूला सारतात आणि मग तापलेल्या विटाच हळूहळू उष्णता परत देतात. पहिल्या कडक आचेवर पाव भाजतात. नानखटाईची पाळी आच उतरल्यावर येते; कारण तिच्यात साखर व तूप भरपूर, आणि कडक आचेत ती बाहेरून करपते व आत कच्ची राहते.

आता पिठाकडे वळू. गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळले गेले, की त्यात चिवट तंतू तयार होतात. त्यांना ग्लुटेन म्हणतात. पोळी लाटताना फाटत नाही ती यांच्यामुळे. नानखटाईत मात्र हे तंतू नकोत. ती दाताखाली विरघळली पाहिजे. यावरचा उपाय आपल्या घरांत पूर्वापार आहे, तो म्हणजे मोहन. शंकरपाळ्यांच्या पिठाला तुपाचे मोहन चोळतात, तेव्हा पिठाच्या कणाकणावर तुपाचा लेप बसतो. त्यामुळे पाण्याचा शिरकाव होत नाही आणि तंतू लांब वाढत नाहीत. नानखटाई म्हणजे मोहनाची परमावधीच होय. दोन वाट्या मैद्याला एक वाटी तूप आणि एक वाटी पिठीसाखर, असे तिचे ढोबळ प्रमाण आहे. खुसखुशीतपणासाठी दोन चमचे रवा, स्वादासाठी वेलदोडा, चिमूटभर मीठ, पाव चमचा खाण्याचा सोडा आणि एक चमचा दही घातले, की सामान पुरे झाले.

तूप आणि साखर प्रथम परातीत तळहाताने फेसतात. हे मिश्रण पांढरे व हलके होते, कारण त्यात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे अडकतात. या कामात घाई करणाऱ्याची नानखटाई दडस होते. पुढे सोड्याचा दह्यातील आम्लाशी संयोग होऊन कर्बद्विप्राणिल वायू सुटतो. तो त्या बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो आणि नानखटाईला वर भेगा पडतात. सोडा जास्त झाला तर चव साबणासारखी लागते, आणि नीट मिसळला नाही तर अंगावर तपकिरी ठिपके उमटतात.

खानदेशात आणखी एक अडचण आहे, ती उन्हाची. साजूक तूप 34-35 अंश सेल्सिअसच्या आसपास पातळ होते. येथील वैशाखात पारा 42-43 अंशांवर सहज जातो! तेव्हा गोळे पत्र्यावर ठेवताच पसरू लागतात आणि नानखटाईच्या जागी चपट्या चकत्या हाती येतात. दिवाळीच्या थंडीत तेच तूप रवाळ व घट्ट असते, म्हणून तेच प्रमाण तेव्हा साधते. उन्हाळ्यात करणाऱ्याने पहाटेची वेळ धरावी आणि परात माठातील गार पाण्यावर ठेवून तूप फेसावे. 1937 पासून बाजारात आलेले डालडा तूप भट्ट्यांवर लोकप्रिय झाले, ते स्वस्ताईमुळे, आणि उन्हातही ते सहज वितळत नाही म्हणून. परंतु अशा वनस्पती तुपातील ट्रान्स मेद हृदयाला घातक असल्याचे सिद्ध झाले, आणि 2022 पासून भारतात त्याचे प्रमाण 2 टक्क्यांवर जाऊ न देण्याचे बंधन घातले गेले.

अलीकडे दुकानांतून बिस्किटांच्या तयार मिश्रणाचे पुडे मिळतात. ही युक्ती अमेरिकेत 1930 च्या दशकात रूढ होऊ लागली; आपल्याकडे पुण्याच्या गिट्स कंपनीने 1963 पासून तयार मिश्रणांचा परिचय करून दिला. असा पुडा विकत घेणाऱ्याने त्यावरील घटकांची यादी अवश्य वाचावी. जो घटक वजनाने सर्वांत जास्त, त्याचे नाव प्रथम, असा तिचा नियम आहे. बहुतेक वेळा मैदा व साखर यांचीच नावे आरंभी आढळतात, आणि तूप किंवा लोणी वरून घालावेच लागते. पुडा वेळ वाचवतो, हे खरे. मात्र त्यातील बहुतेक जिन्नस घरच्या फळीवर आधीच असतात.

भट्टी जवळ नसेल तरी अडत नाही. जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर पसरून त्यावर लहान तिवई ठेवावी, झाकण लावून कढई दहा मिनिटे तापवावी आणि मग गोळ्यांची ताटली आत ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. मीठ येथे भट्टीच्या विटांचे काम करते. हे काम मोठ्या माणसाच्या देखत करावे; तापलेले मीठ दिसायला साधे, पण हाताला भाजणारे असते.

बाहेर काढलेली नानखटाई मऊ लागते, म्हणून ती कच्ची समजून पुन्हा भाजायला ठेवण्याचा मोह होतो. ती मऊ असते ती आतले तूप अजून पातळ असल्यामुळे. निवताना तूप थिजते आणि ती आपोआप घट्ट होते. ती तासभर ताटातच उघडी राहू द्यावी. निवण्याआधी डब्यात भरून झाकण लावले, तर वाफ आत कोंडते आणि सकाळपर्यंत सारा डबा सादळतो.