फवारणीचं विष आणि थरथरणारे हात

शेंदूरजनाघाटात आंबिया असो की मृग, बहार धरला की फवारणीचे पंप पाठीवर चढतात. कोळशीला एक औषध, तणाला दुसरं. विषाला आपण 'औषध' म्हणतो, घोळ इथूनच सुरू होतो.

2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. ती बातमी सगळ्यांना आठवते. पण काही विषांचा परिणाम उशिरा दिसतो, त्याबद्दल आपण कमी बोलतो.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं. नसेकडून स्नायूला गेलेला निरोप संपवणारं एन्झाइम ती बंद पाडतात. मग लाळ गळते, बुबुळं बारीक होतात, स्नायू फडफडतात. माणूस सावरल्यासारखा वाटतो आणि एक ते चार दिवसांत मान उचलवत नाही, श्वास अडकतो. म्हणून "बरं वाटतंय" म्हणून लगेच सुटी घेऊ नका. या गटातल्या काही विषांनी तर दोन-तीन आठवड्यांनी पायांना मुंग्या येतात, चाल बिघडते.

तण जाळणाऱ्या पॅराक्वाटची गोष्ट वेगळी. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुणांनी भेसळीची नशा टोचून घेतली आणि ते पुतळ्यासारखे आखडले. त्यातल्या एमपीटीपी या रसायनाने मेंदूतल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी मारल्या होत्या. पार्किन्सन्समध्ये याच पेशी मरतात. एमपीटीपीचं शरीरात जे विषारी रूप बनतं, त्याची रचना पॅराक्वाटशी मिळतीजुळती आहे. पॅराक्वाट हाताळणाऱ्यांमध्ये पार्किन्सन्सचं प्रमाण जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं. अमुक एकाला त्यामुळेच झाला, असं मात्र सांगता येत नाही. युरोपियन संघात 2007 पासून त्यावर बंदी आहे.

आता घरात बघा. अब्बांचा एक हात बसल्या जागी थरथरतो का? सजद्यातून उठायला वेळ लागतो? सही बारीक झाली? अत्तराचा वास येईनासा झाला? "उमर झाली" म्हणून सोडू नका. मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा आणि किती वर्षं कोणती फवारणी केली तेही सांगा. गोळ्यांनी हालचाल बरीच सुधारते.

विषबाधेची शंका आली तर कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि डब्याचं लेबल घेऊन दवाखाना गाठा. आणि फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. अम्मीच्या हातांनाही तेच विष लागतं, तिला तर हातमोजे कुणी देत नाही.