लेखनातून आत्मपरीक्षण

लेखन हे विचार व्यक्त करण्याचे साधन आहे, तसेच ते स्वतःची प्रगती पारखण्याचेही साधन आहे. म्हणूनच अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांच्या लेखन-अभ्यासक्रमात विद्यार्थी आपले कच्चे खर्डे जपून ठेवतात. सत्राच्या अखेरीस ते पहिला व शेवटचा निबंध ताडून पाहतात आणि आपल्यात कोणता बदल झाला, हे लिहून काढतात.

या पद्धतीचे मर्म बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. दहाव्या वर्षीच त्यांची शाळा सुटली. पुढे ते बोस्टन येथे भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागले. तेथील कामामुळे त्यांचे शुद्धलेखन सुधारले. परंतु मांडणीत स्पष्टता व डौल नाही, हे वडिलांनी त्यांची पत्रे वाचून दाखवून दिले. फ्रँकलिन खचले नाहीत. 'स्पेक्टेटर' नियतकालिकातील निबंधाचे मुद्दे ते टिपून ठेवीत, काही दिवसांनी त्यांवरून स्वतः निबंध लिहीत आणि मूळ लेखाशी ताडून चुका दुरुस्त करीत. आपला शब्दसंग्रह तोकडा आहे, हे त्यांना त्यातूनच उमगले. कधी ते मुद्द्यांचा क्रम मुद्दाम बिघडवून पुन्हा लावीत. त्यामुळे विचारांची संगती साधू लागली. हा अभ्यास कामाआधी सकाळी, रात्री किंवा रविवारी चाले. क्वचित आपले वाक्य मुळापेक्षा सरस उतरले, असे वाटून त्यांचा उत्साह वाढे.

आपली चूक आपल्यालाच दिसू लागणे, ही प्रगतीची पहिली खूण होय. म्हणून पहिला खर्डा फाडून टाकू नये. आपण कोठून निघालो, हे तोच सांगतो.