राजाचं नाव काढलं, आनी कॉर्दीचं लावलं

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना झालेली फाफटपसारा बडबड थोडी छाटली आहे, बाकी तसंच आहे.

ब्रुसेल्समध्ये एक बोगदा आहे. रस्त्याचा, गाड्यांचा. लांबी साधारण अडीच किलोमीटर, म्हणजे बेल्जियममधला रस्त्याचा सगळ्यात लांब बोगदा. १९८६मध्ये सुरू झाला तेव्हा त्याला नाव दिलं होतं लिओपोल्ड दुसरा या राजाचं. आज त्याचं नाव आहे आनी कॉर्दी. राजाच्या जागी एक गायिका-अभिनेत्री, तीही कुठली? चेहरे वेडेवाकडे करून, भल्यामोठ्या टोप्या घालून लोकांना हसवणारी. हे झालं कसं, ते आज बघूया.

तिचं खरं नाव लेओनी कोरमन. जन्म १६ जून १९२८, ब्रुसेल्सच्या लाकेन भागात. हे लाकेन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कोरमन हे आडनाव फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्या बाजूचं. पण करिअर झालं ते सगळं फ्रेंचमध्ये. बेल्जियममध्ये भाषेवरून सरकारं अडतात, महिनोन्‌महिने बनत नाहीत, त्यामुळे दोन्ही बाजूंना आपली वाटणारी माणसं तिथे फार थोडी. ही त्यातली एक.

लहानपणापासून नाच, मग पियानो आणि गाणं. विशीत ब्रुसेल्सच्या कॅबरेमध्ये काम सुरू झालं. तिथे पॅरिसच्या प्रसिद्ध ‘लिडो’च्या प्रमुखांनी तिला हेरलं आणि १९५०मध्ये ती पॅरिसला गेली. लिडो म्हणजे पिसं, झगमग, उंच टाचा, आणि मंडळी शॅम्पेन पीत समोर बसलेली. तिथे कॉर्दी नाचत होती. पण नुसती शोभेची बाहुली होऊन राहायचा तिचा पिंडच नव्हता. नाचता नाचता ती लोकांना हसवायची.

१९५२मध्ये पॅरिसच्या एबीसी थिएटरमध्ये ‘ला रूत फ्लरी’ नावाचा ऑपेरेट आला. ऑपेरेट म्हणजे काय? आपल्या संगीत नाटकाचा हलकाफुलका, धमाल चुलतभाऊ समजा. गाणी, गोंधळ, गैरसमज, शेवटी सगळं गोड. त्यात तिच्यासोबत होते बूरव्हिल आणि जॉर्ज गेतारी. प्रयोग वर्षानुवर्षं चालले आणि आनी कॉर्दी स्टार झाली. १९५६मध्ये डेव्ही क्रॉकेटवरच्या अमेरिकन गाण्याची तिने गायलेली फ्रेंच आवृत्ती तुफान गाजली. १९५८मध्ये ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ सिनेमातल्या त्या शिट्टीच्या धुनेवर फ्रेंच गाणं आलं, तेही हिचंच. ती शिट्टी तुम्ही नक्की ऐकली आहे, नाव माहीत नसेल एवढंच.

त्याच वर्षी तिने आपल्या मॅनेजरशी लग्न केलं. सगळे त्याला ब्रुनो म्हणायचे. तो १९८९मध्ये गेला, तोपर्यंत तिचं काम तोच सांभाळायचा.

मग आली ती गाणी, ज्यांच्यामुळे ती आजही लग्नात वाजते. १९७४चं ‘ला बॉन द्यु क्युरे’, म्हणजे पाद्रीबाबाच्या घरच्या मोलकरणीचं गाणं. १९८०च्या सुमाराचं ‘ताता योयो’, म्हणजे टोपीवाली योयो मावशी. आणि १९८५चं ‘शो का का ओ’. शेवटच्याकडे नंतर येते, कारण भांडण तिथेच आहे. पोरं, आजोबा, थोडी जास्त झालेले काका, सगळे एकदम उठून नाचतील असली ही गाणी. समीक्षक नाकं मुरडायचे. मुरडू देत. लोकांना एका सुरात हसवणं किती अवघड असतं, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

पण गंमत बघा. हीच बाई दुसरीकडे अत्यंत गंभीर सिनेमांत काम करत होती. १९७०मध्ये रने क्लेमांच्या ‘रायडर ऑन द रेन’मध्ये, चार्ल्स ब्रॉन्सनसोबत. त्यात ती नायिकेची आई आहे, कडवट, थकलेली. त्याच वर्षी क्लोद शाब्रोलच्या सिनेमात. १९७१मध्ये ‘ल शा’, म्हणजे ‘मांजर’. म्हातारं नवरा-बायको एका घरात राहतात आणि एकमेकांशी बोलणं बंद. जाँ गाबँ आणि सिमोन सिन्योरे, दोघंही दिग्गज. आणि त्या नवऱ्याला ज्या हॉटेलवालीकडे जरा बरं वाटतं, ती कॉर्दी. तिच्या चेहऱ्यावर एकही विनोद नाही, आणि तरी ती पडद्यावर आली की खोलीत ऊब येते. माझ्या मते तिचं सगळ्यात चांगलं काम हेच. लोकांनी तिला टोपीवाली मावशी म्हणून डोक्यावर घेतलं आणि ही बाजू बऱ्यापैकी विसरली. डिस्नेचा ‘पोकाहॉन्टस’ फ्रेंचमध्ये पाहिला असेल, तर त्यातल्या झाडाच्या आजीचा आवाजही तिचाच.

२००४मध्ये राजा अल्बर्ट दुसरा याने तिला बॅरोनेस केलं. असा किताब मिळाला की स्वतःचं ब्रीदवाक्य निवडता येतं. बेल्जियमचं राष्ट्रीय ब्रीद ‘एकीमुळे बळ’ अशा अर्थाचं आहे. हिने एकच शब्द बदलला आणि ‘ध्यास’ घातला. राष्ट्राच्या ब्रीदावर कोटी केली, बरं का, तीही राजाकडून किताब घेताना!

४ सप्टेंबर २०२० रोजी, ९२व्या वर्षी, फ्रान्समध्ये कानजवळच्या व्हालोरिस इथे ती गेली.

आता तारखेकडे लक्ष द्या. २०२०. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाली होती आणि बेल्जियममध्ये लोक लिओपोल्ड दुसऱ्याच्या पुतळ्यांवर लाल रंग ओतत होते. का? कारण १८८५ ते १९०८ काँगो हा प्रचंड देश या एका माणसाची खासगी मालमत्ता होता. बेल्जियमची वसाहतसुद्धा नाही, त्याची स्वतःची! तो तिथे एकदाही गेला नाही. रबर आणि हस्तिदंत काढण्यासाठी माणसांना वेठीला धरलं गेलं, हात तोडले गेले, लाखो लोक मेले. जून २०२०मध्ये अँटवर्पमधला त्याचा एक पुतळा हलवला गेला. ३० जूनला, काँगोच्या स्वातंत्र्याला ६० वर्षं झाली त्या दिवशी, राजा फिलिप यांनी त्या अत्याचारांबद्दल खेद व्यक्त केला. तो शब्द खेद होता. माफी नव्हती, हे तिथल्या लोकांनी लगेच हेरलं.

बोगद्याचं नाव बदलायची चर्चा होतीच. ब्रुसेल्सच्या सरकारने ठरवलं की नाव बाईचं द्यायचं, कारण शहरातल्या रस्त्यांवर बायकांची नावं शोधावी लागतात. लोकांची मतं घेतली आणि मार्च २०२१मध्ये जाहीर झालं, आनी कॉर्दी.

सगळे खूश? नाही. इथे ‘शो का का ओ’ परत येतं. गाण्याचा मामला आहे नारळ आणि अननसाच्या अदलाबदलीचा, चॉकलेटच्या तालावर, एका मजेदार उष्ण प्रदेशात. काही कार्यकर्ते म्हणाले, काँगोच्या शोषणाचा डाग पुसायला निघालात आणि नाव निवडलंत ते अशा गाण्याच्या गायिकेचं? हे चित्रण म्हणजे वसाहतवाल्यांचीच नजर. दुसरी बाजू म्हणाली, अहो, ते पोरांचं नाचगाणं आहे, आणि या बाईने आयुष्यभर कुणाचा द्वेष केला नाही.

मला काय वाटतं? दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात. १९८५मध्ये ते गाणं टीव्हीवर लागलं तेव्हा बहुतेकांना त्यात काही खटकलं नाही. ज्या देशात काँगोचा इतिहास नीट शिकवलाच जात नव्हता, तिथे खटकणार कसं? म्हणजे दोष एकट्या गायिकेचा नाही. पण म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही. मला जास्त टोचतं ते वेगळंच. बोगद्यासाठी एखाद्या काँगोली स्त्रीचं नाव लोकांच्या मनात पहिलं आलं नाही. मतदान घेतलं की जिचं गाणं सगळ्यांना पाठ, तीच जिंकणार. लोकप्रियतेने न्याय करायला गेलं की असंच होतं.

आणि ते लाकेन आठवतंय? बेल्जियमच्या राजघराण्याचा राजवाडा तिथेच आहे. लिओपोल्ड दुसऱ्याने बांधलेली काचेची प्रचंड हरितगृहं तिथेच, आणि त्याची कबरही लाकेनच्याच चर्चमध्ये. ज्या वस्तीत राजा पुरलाय, तिथल्या पोरीने त्याची पाटी उतरवली. स्वतः काही न करता, मेल्यानंतर.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल, तर आधी ‘ताता योयो’चा जुना टीव्ही व्हिडिओ बघा, टोपीसाठी. मग ‘ल शा’. आणि वेळ उरला तर २०१५चा ‘ले सुव्हनीर’, ज्यात ती वृद्धाश्रमातून पळून जाणारी आजी आहे. शूटिंगच्या वेळी तिने पंच्याऐंशी ओलांडली होती. पळते मात्र झकास.