फ्रिजमधलं फूल आणि मोरीजवळचं फूल

रीलवर कोलंबाइन बघितलंय? निळं-जांभळं, मागे शेपट्या फुटल्यासारखं फूल. मी बघितलं आणि लगेच बिया मागवल्या. पेरण्याआधी त्या महिनाभर थंडीत ठेवायच्या असतात. म्हणून ओल्या टिश्यूत गुंडाळून डबी फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे. ‘फ्रिज काय शेत हाय का?’ इति आई. अकरा रोपं आली. धाराशिवच्या एप्रिलनं एकही ठेवलं नाही.

चूक रोपांची नव्हतीच. कोलंबाइन थंड मुलखातलं. आपल्या देशात त्याच्या जाती हिमालयात रानात उगवतात. आणि मी इथे त्याला रोज दोन तांबे पाणी घालत होते, तेही नळाची वाट बघायच्या दिवसांत. लाज वाटली.

तेव्हा मोरीजवळची गुलबक्षी आठवली. उन्हाळ्यात ती वरून वाळते, पण मातीखाली कंद जिवंत असतो. पाऊस पडला की पुन्हा फुटते. संध्याकाळी उमलते, सकाळी ऊन चढलं की मिटते. म्हणजे तुम्ही कॉलेजवरून दमून येता, तेव्हा हिचा दिवस सुरू होतो.

लावायची तर जूनमध्ये, पहिला चांगला पाऊस झाल्यावर. मिऱ्यासारखी काळी बी रात्रभर भिजवा आणि अर्ध्या पेराएवढी खोल पेरा. आपली काळी माती पाणी धरून बसते, कंद कुजतो. म्हणून कुंडीत वाळू आणि शेणखत मिसळा. कुंडी बादलीएवढी हवी. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी चालतं. मे महिन्यात वाळलेली दिसली तर उपटू नका! (आमच्याकडे भावानं एक उपटलीच.) बिया आणि मुळं विषारी असतात, लहान पोरांच्या हाती लागू देऊ नका.

खरी मजा रंगांची. बारावीला बायोलॉजी होतं? मग लाल-पांढऱ्याच्या संकरातून गुलाबी फुलं देणारी मिरॅबिलिस जलापा आठवत असेल. तीच ही! मार्कांसाठी पाठ केलेलं झाड रोज मोरीजवळ बघत होते, आणि पत्ताच नाही. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी १९०९ मध्ये हिच्याच हिरव्या-पांढऱ्या पानांवरून दाखवलं, की पानांचा हा गुण फक्त मातृझाडाकडून येतो.

हे आज्जीला सांगितलं. ती म्हणाली, ‘आपली नुसती गुलाबी होती. शेजारी पिवळी लावली, तवापासनं भलतेच रंग यायलेत.’

यंदा एका पट्टेरी फुलाच्या झाडाच्या बिया मी वेगळ्या पुडीत बांधून ठेवल्यात. फ्रिजबाहेर.