बेंबीतली गाठ आणि जुनी फाइल

अंडाशयाचा कर्करोग सहसा पोटाच्या आतल्या अस्तरावरच पसरतो. पण उपचार संपून ३-४ वर्षं झाली, सारोळ्यासारख्या गावातली एखादी बाई पुन्हा खुरपणीला जाऊ लागली आणि बेंबीत हरभऱ्याएवढी कडक गाठ हाताला लागली, तर? हर्निया समजून सोडून देऊ नये. काखेत, प्लीहेत, क्वचित मेंदूतही हा रोग असा उशिरा डोकं वर काढतो. सीए-१२५ ही रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहणं मला पटत नाही.

आधी गाठीचा तुकडा तपासायचा. काखेतली गाठ स्तनाच्या नव्या कर्करोगाचीही असू शकते, आणि मग औषधंच बदलतात. स्कॅनमध्ये एकच गाठ दिसली तर बऱ्याचदा ती काढता येते. मेंदूतली असेल तर शस्त्रक्रिया किंवा नेमका किरणोपचार. शेवटच्या प्लॅटिनम औषधाला ६ महिन्यांहून जास्त काळ लोटला असेल, तर त्याच गटातलं कार्बोप्लॅटिन पुन्हा लागू पडण्याची आशा बरी. बीआरसीए जनुकात दोष असल्यास पुढे ओलापरिबच्या गोळ्यांचा विचार होतो.

पुण्याला किंवा परळच्या टाटा हॉस्पिटलला निघताना जुनी फाइल आणि पहिल्या ऑपरेशनच्या तुकड्याचे मेणातले ब्लॉक आठवणीने सोबत घ्या.